‘तुमीच सांगा साहेब’ : तातडीच्या उपचारात रुग्णासोबत घेतलेला निर्णय केसपेपरवर कसा लिहावा

विदर्भातल्या कुठल्याही ग्रामीण रुग्णालयातले जुने केसपेपर चाळले की एक ओळ पुन्हा पुन्हा भेटते : ‘पेशंट व नातेवाइकांना परिस्थितीची पूर्ण कल्पना दिली आहे.’ खाली एक सही किंवा अंगठा. कोणाला कल्पना दिली, किती वाजता दिली, कोणते पर्याय पुढे ठेवले, रुग्ण त्यावर काय म्हणाला, यातलं काहीही त्या ओळीवरून कळत नाही. रात्रपाळीला येणाऱ्या डॉक्टरला तिचा उपयोग नाही आणि रुग्ण जिथे रेफर होणार तिथल्या डॉक्टरलाही नाही. उद्या तक्रार झाली तर ती लिहिणाऱ्याच्याही कामी येत नाही.

हा लेख प्राथमिक आरोग्य केंद्रात, ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालयात तातडीचे रुग्ण पाहणाऱ्या मेडिकल ऑफिसरांसाठी आहे. बाँडवर (शिक्षणानंतरच्या सक्तीच्या सरकारी सेवेवर) नुकत्याच रुजू झालेल्यांसाठी जास्त, आणि रात्री एकट्याने वॉर्ड सांभाळणाऱ्या सिस्टरांसाठीही. रुग्णाशी बोलून, दोघांनी मिळून घेतलेला निर्णय कागदावर कसा उतरवायचा एवढाच विषय आहे.

एक गोष्ट आधी लक्षात घ्यायला हवी. मोठ्या शहरातल्या इमर्जन्सी विभागात असा निर्णय बहुधा ‘स्कॅन करायचा की नाही’ किंवा ‘भरती व्हायचं की घरी जायचं’ असा असतो. आपल्याकडे तो जवळजवळ नेहमी ‘इथे की तिकडे’ असा असतो. सीटी स्कॅन जिल्ह्याला, अँजिओप्लास्टीची कॅथलॅब नागपूरला, रक्तपेढी तालुक्याला असेलच असं नाही. गडचिरोलीहून नागपूर सुमारे १७० किलोमीटर. भामरागडला पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की रस्ताच बंद होतो. म्हणून आपल्या नोंदीत जागा आणि वेळ यायलाच हवी. रात्री ११ वाजता, पाऊस सुरू असताना, १०८ दुसऱ्या कॉलवर गेलेली असताना रुग्णासमोर खरोखर कोणते पर्याय होते, हे त्या कागदावरून कळलं पाहिजे. पुस्तकातले पर्याय लिहून भागत नाही.

पहिली पायरी : हा निर्णय मिळून घेण्यासारखा आहे का?

सगळेच निर्णय तसे नसतात, आणि नोंद बिघडायला सुरुवात इथूनच होते. स्वतःला तीन प्रश्न विचारा. वैद्यकीयदृष्ट्या रास्त असे एकाहून जास्त मार्ग आहेत का? रुग्ण, किंवा त्याच्या वतीने बोलू शकणारी योग्य व्यक्ती, आत्ता विचार करण्याच्या स्थितीत आहे का? बोलायला पाच-दहा मिनिटं आहेत का? तिन्हींची उत्तरं ‘हो’ असतील तरच पुढे जायचं.

पहाटे पोट दुखतं म्हणून आणलेला, जमिनीवर झोपलेला माणूस, पापण्या मिटत चाललेल्या, गिळता येत नाही. मण्यार सापच चावला असणार. इथे ‘एएसव्ही (सापाच्या विषावरचं औषध) द्यायचं का’ हा प्रश्न नातेवाइकांपुढे ठेवायचा नसतो. बाटली लावायची आणि ती सुरू असताना सांगायचं की या औषधाची रिअ‍ॅक्शन येऊ शकते, त्यासाठी अ‍ॅड्रेनलिन भरून बाजूला ठेवलं आहे, श्वास कमी पडला तर नळी टाकावी लागेल. नोंद अशी : ‘पहाटे ४.२०. दोन्ही पापण्या पडलेल्या, गिळता येत नाही. एएसव्ही तातडीने सुरू. रुग्ण बोलू शकत नाही. भावाला उपचार व रिअ‍ॅक्शनची शक्यता ४.३० ला सांगितली. संमतीसाठी थांबणे जिवाला धोक्याचे होते.’ बस.

कायदाही याच बाजूने आहे. १९८९ च्या परमानंद कटारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की जखमीचा जीव वाचवणं आधी, पोलिसी सोपस्कार नंतर. संमती देण्याच्या स्थितीत नसलेल्या आणि ज्याच्या वतीने संमती द्यायला वेळेत कोणी मिळू शकत नाही अशा माणसावर सद्भावनेने केलेल्या उपचाराला भारतीय न्याय संहितेच्या कलम ३० चं संरक्षण आहे. हे जुन्या दंडसंहितेचं कलम ९२. पण ते मिळण्यासाठी थांबणं का शक्य नव्हतं आणि कोण हजर होतं, हे लिहिलेलं असावं लागतं.

याची उलट बाजूही पाहा. साप चावला म्हणून आणलेल्या माणसात विष चढल्याचं एकही लक्षण नाही, वीस मिनिटांच्या चाचणीत रक्त नीट गोठलं, आणि सोबतचे म्हणतात, ‘सापाचं इंजेक्शन देऊनच द्या’. लक्षणं नसताना एएसव्ही देणं हा पर्यायच नाही. तो तुमचा वैद्यकीय निर्णय आहे, तसाच लिहा : ‘सध्या एएसव्हीची गरज नाही, कारण हे, २४ तास निरीक्षण, नातेवाइकांना कारण सांगितले.’ याला ‘नातेवाइकांशी चर्चा करून एएसव्ही न देण्याचे ठरले’ असं रूप देऊ नका. आपला निर्णय त्यांच्या खांद्यावर टाकणारी नोंद खोटी असते, आणि पुढे लक्षणं दिसली तर त्या कुटुंबाला जन्मभर वाटत राहतं की आपणच नको म्हटलं.

हृदयविकाराच्या झटक्यातही हा फरक जपायला हवा. ईसीजीतल्या रेषेचा ‘एसटी’ भाग स्पष्ट वर गेलेला, दुखणं दोन तासांचं, आणि नागपूरच्या कॅथलॅबला पोचून अँजिओप्लास्टी दोन तासांच्या आत होणं अशक्य. इथे गुठळी विरघळवणारं इंजेक्शन लगेच देणं हाच सल्ला आहे, दोन सारखे पर्याय नाहीत. रुग्णाला मेंदूत रक्तस्राव होण्याचा धोका सांगायचा, साधारण शंभरात एकाला, आणि संमती घ्यायची. ही माहिती देऊन घेतलेली संमती झाली. ईसीजी आणि पहिली ट्रोपोनिन (हृदयाला इजा झाली का ते दाखवणारी रक्तचाचणी) ठीक आहे, दुखणं थांबलं आहे, आणि रात्र इथे काढून पुन्हा तपासायचं की आत्ताच जिल्ह्याला जायचं, असा प्रश्न असेल तर मात्र तो खरोखर मिळून ठरवायचा विषय आहे.

दुसरी पायरी : कोणाशी बोललात ते नेमकं लिहा

‘नातेवाईक’ हा शब्द नोंदीत एकटा ठेवू नका. स्ट्रेचरमागे दहा माणसं येतात : पुतण्या, शेजारी, सरपंच, गाडीवाला. पुढे येऊन जो मोठ्याने बोलतो तो निर्णय घेण्याचा अधिकारी असतोच असं नाही. रुग्ण सज्ञान आणि शुद्धीवर असेल तर निर्णय त्याचा. आधी त्याच्याशी, त्याच्या डोळ्यांच्या पातळीला वाकून, बोलायचं. मग त्याला विचारायचं, ‘कोणाला सोबत बसवू?’

बायकांच्या बाबतीत हे जास्तच सांभाळावं लागतं. कळा देणारी बाई टेबलावर असते आणि बोलणं व्हरांड्यात सासू, नवरा आणि दिराशी चालतं. अठरा वर्षांवरच्या बाईच्या उपचाराला तिची स्वतःची संमती पुरते, नवऱ्याची सही तिच्या जागी चालत नाही. तिला रेफर व्हायचं आहे आणि घरचे नाही म्हणतात, असं असेल तर तिचं म्हणणं तिच्या शब्दांत आधी लिहा, घरच्यांचं नंतर.

विचार करण्याची क्षमता आहे की नाही हे दोन ओळींत लिहिता येतं. सांगितलेलं रुग्णाला समजलं का, ते आपल्याला लागू आहे हे पटलं का, दोन बाजू तोलता आल्या का, निवड सांगता आली का? ‘शुद्धीवर, वेळ-जागा-माणसं ओळखतो, दोन्ही पर्याय स्वतःच्या शब्दांत सांगितले’ एवढं पुरतं. दारूचा वास येतो म्हणून क्षमता नाही असं गृहीत धरू नका. वास येतो हे लिहा आणि तरीही समजतं का ते तपासून लिहा. दोन तासांनी पुन्हा तपासलं तर तेही वेळेसकट.

फवारणीचं औषध जाणूनबुजून प्यायलेला माणूस ‘मले काई नका करू’ म्हणतो तेव्हा ती मोकळ्या मनाने केलेली निवड समजू नये. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ च्या कलम ११५ नुसार आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली आहे असंच मानायचं असतं. उपचार सुरू ठेवा, एमएलसी (पोलिसांना कळवायच्या प्रकरणाची नोंद) करा, त्याचं बोलणं जसंच्या तसं लिहा, सोबत कोण आहे ते लिहा. फवारणी करताना अंगावर उडून बाधलेला शेतमजूर ही मात्र वेगळी गोष्ट आहे. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात अशा फवारणीबाधितांनी रुग्णालयं भरली होती. हे दोन प्रकार कागदावर एकमेकांत मिसळले तर त्या कुटुंबाची मदतही अडकते आणि माथी नसता शिक्काही बसतो. ‘विषबाधा’ एवढंच न लिहिता कशी झाली, आणि हे कोणी सांगितलं, ते लिहा.

आता भाषा. मेळघाटात कोरकू, गडचिरोलीच्या दक्षिणेला माडिया आणि गोंडी, सिरोंच्याला तेलुगू, यवतमाळच्या काही पोडांवर कोलामी, पुसद-दिग्रसकडे गोरमाटी. डॉक्टर प्रमाण मराठीत बोलतो, रुग्ण मान हलवतो, आणि आपण ‘समजले’ असं लिहून मोकळे होतो. कोणत्या भाषेत बोलणं झालं आणि मध्ये कोण होतं हे लिहायलाच हवं : ‘माडियातून, कक्षसेवकाच्या मदतीने.’ शक्यतो घरचं लहान मूल दुभाषी करू नका. दुसरा कोणीच नसेल तर तसंही लिहा.

तिसरी पायरी : बोलणं असं करा की ते लिहिता येईल

नोंद चांगली हवी तर आधी बोलणं मुद्देसूद हवं. सर्वोच्च न्यायालयाने समीरा कोहली खटल्यात, २००८ मध्ये, काय सांगणं गरजेचं आहे ते ठरवून दिलं आहे : उपचार काय आणि कशासाठी, त्याचा फायदा, दुसरे पर्याय, मुख्य धोके, आणि उपचार नाकारला तर काय होऊ शकतं. त्याच निकालानुसार तपासणीसाठी दिलेली संमती उपचारालाही लागू आहे असं धरता येत नाही. अपवाद जीव वाचवण्याचा. या पाच गोष्टी मनात ठेवून बोललात तर लिहिताना आठवावं लागत नाही.

धोका आकड्यात सांगा, पण टक्क्यात नको. ‘एक टक्का’ म्हटलं की कोणाला काहीच वाटत नाही आणि कोणाला खूप वाटतं. ‘अशी शंभर लेकरं आली तर त्यातल्या एकाला’ हे सगळ्यांना कळतं. आकडा खात्रीचा माहीत नसेल तर ‘क्वचित’, ‘बऱ्याचदा’ असं प्रामाणिकपणे म्हणा आणि तसंच लिहा.

पर्यायांमध्ये पैसा आणि घर आणा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत उपचार बसतो का, तिकडे गेल्यावर सोबत राहणार कोण, सोयाबीन कापणीला आलं आहे का, गोठ्यातल्या ढोरांना पाणी कोण दाखवणार, हे प्रश्न वैद्यकीय वाटत नाहीत, पण रेफर नाकारण्याची खरी कारणं बहुतेक यातच असतात. ‘नागपूरले नेलं का माणूस वापस येत नाई’ ही भीतीही तशीच खरी आहे. ती बोलून दाखवायला रुग्णाला जागा मिळाली तर अर्धं काम होतं.

शेवटी उलट विचारा. ‘समजलं ना?’ असं नको, त्याला ‘हो’ हेच उत्तर येतं. ‘मी नीट सांगितलं का ते पाहायचं आहे. घरी गेल्यावर म्हातारीला काय सांगाल?’ असं विचारा. रुग्ण जे सांगेल ते नोंदीतलं सगळ्यात मोलाचं वाक्य असतं.

‘तुमीच सांगा, आमाले काय समजते?’

हे वाक्य रोज ऐकू येतं, म्हणून त्यावर थोडं थांबतो. नवा डॉक्टर यावर दोन टोकं गाठतो. एक तर ‘नाही नाही, निर्णय तुमचा’ म्हणून घाबरलेल्या माणसाला एकटं सोडतो, नाहीतर ‘बरं’ म्हणून स्वतःच सगळं ठरवतो आणि वर ‘चर्चा केली’ असं लिहितो.

डॉक्टरवर निर्णय सोपवणं हीसुद्धा रुग्णाची निवड आहे, आणि तिचा मान राखला पाहिजे. फक्त सोपवण्याआधी त्याच्याकडून एक गोष्ट काढून घ्या : त्याला कशाची काळजी आहे. ‘मी सांगतो. पण आधी मला सांगा, इथं राहिलात तर काय अडचण, अन् तिकडं गेलात तर काय?’ उत्तर आलं की त्या उत्तराला धरून सल्ला द्या. नोंद अशी : ‘रुग्णाने निर्णय डॉक्टरांवर सोपवला. मुख्य काळजी : रात्री पत्नी घरी एकटी, दम्याची रुग्ण. ते लक्षात घेऊन इथेच निरीक्षण सुचवले, सकाळी पुन्हा ईसीजी. रुग्णाला मान्य.’ तुमचं मत काय होतं आणि ते कशामुळे होतं, हे दोन्ही यात आलं.

सिकलसेलच्या रुग्णांशी हे उलट दिशेने घडतं. विदर्भात हा आजार आपल्या ओळखीचा आहे, आणि क्रायसिस (तीव्र दुखण्याचा झटका) घेऊन येणाऱ्या मोठ्या माणसाला स्वतःचं दुखणं आपल्याहून चांगलं ठाऊक असतं. मागच्या वेळी कशाने थांबलं, किती तास लागले, घरी गोळ्यांवर भागतं का, हे त्याला विचारा. तो म्हणाला की ‘सलाईन अन् इंजेक्शन घेतलं का सकाळपर्यंत मोकळं होते’, तर ते लिहा. ताप, छातीत दुखणं किंवा ऑक्सिजन कमी असेल तर घरी जाण्याचा पर्यायच राहत नाही, आणि तो का राहत नाही हेही लिहायचं.

चौथी पायरी : प्रत्यक्ष नोंद

आता एक पूर्ण उदाहरण. रचलेलं आहे, पण असा मुलगा प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात येतो. डोक्याला मार लागलेल्या मुलांत सीटी केव्हा करायचा यावर २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात बेचाळीस हजारांहून जास्त मुलं पाहिली गेली. दोन वर्षांवरचं मूल, पूर्ण शुद्धीवर, वागणं नेहमीसारखं, कवटीच्या तळाला फ्रॅक्चर झाल्याची चिन्हं नाहीत, पण उलटी झाली, थोडा वेळ बेशुद्ध होतं, डोकं फार दुखतं किंवा पडणं जोराचं होतं, अशा गटात मेंदूला गंभीर इजा निघण्याचं प्रमाण शंभरात साधारण एक होतं. तिथे निरीक्षण आणि सीटी दोन्ही रास्त, आणि आईवडिलांचा कल लक्षात घ्यायचा. म्हणजे मिळून ठरवण्यासारखाच प्रसंग.

‘रात्री ९.१५. मुलगा, वय ६. संध्याकाळी ७ वाजता उभ्या बैलगाडीवरून पडला, उंची अंदाजे ३ फूट. बेशुद्ध नाही. ७.४० ला एक उलटी, नंतर नाही. जीसीएस १५ (पूर्ण शुद्धीवर), आईला ओळखतो, बिस्किट खाल्ले. डोळ्यांभोवती-कानामागे काळेनिळे नाही, नाक-कानातून पाणी किंवा रक्त नाही. कपाळावर सूज.

आई व वडील दोघांशी बोलणे, मराठी-वऱ्हाडीतून, ९.२० ते ९.३०. सिस्टर हजर.

सांगितले : अशा शंभर मुलांत साधारण एकाला आत गंभीर इजा निघते. एकच उलटी व बाकी सर्व ठीक, त्यामुळे याचा धोका त्याहून कमी असावा.

पर्याय १ : इथे रात्री १ वाजेपर्यंत निरीक्षण, दर अर्ध्या तासाला तपासणी. फायदा : रात्रीचा प्रवास नाही, एक्स-रे किरण नाहीत. तोटा : इथे सीटी नाही, बिघडल्यास जिल्ह्याला पोचायला पावणेदोन तास.
पर्याय २ : आत्ताच जिल्ह्याला सीटीसाठी. फायदा : इजा असेल तर लवकर कळेल, सर्जन जवळ. तोटा : ७० किमी, पाऊस सुरू, बहुधा सीटी नॉर्मल येईल.

आई : “आता हासून राह्यलं लेकरू. रातच्याले न्यायचं भेव वाटते. पन झोपलं तं मले कसं समजन?”
वडिलांना सीटी करून मोकळे व्हावे असे आधी वाटत होते. झोपेतही दर अर्ध्या तासाला सिस्टर उठवून पाहतील हे सांगितल्यावर निरीक्षणाला तयार.
मला विचारले. माझे मत : निरीक्षण.

ठरले : पर्याय १. दुसरी उलटी, जास्त झोप, वागण्यात बदल, फिट, यांपैकी काहीही झाल्यास पुन्हा न विचारता रेफर. यास दोघांची आत्ताच संमती. १०८ ची गाडी तालुक्यात उपलब्ध असल्याची ९.४० ला फोनवर खात्री.
आईने परत सांगितले : “वकलं, नाईतं उठवल्यावर वळखलं नाई, तं लगेच गाडी.”
दोघांच्या सह्या. डॉक्टर, पद, वेळ ९.४५.’

ही नोंद लिहायला पाच-सहा मिनिटं लागतात. रात्री ११ वाजता मूल पुन्हा ओकलं तर सिस्टरला डॉक्टर शोधत फिरावं लागत नाही. बिघडल्यास काय करायचं ते आईवडिलांसोबत आधीच ठरलेलं आहे. वडिलांचा आधीचा कल वेगळा होता हेही मी मुद्दाम लिहिलं. मतभेद लपवला की नोंद गुळगुळीत होते आणि पुढे ‘आम्ही तर सीटी मागत होतो’ हे वाक्य ऐकावं लागतं. मतभेद होता, तो कशाने मिटला, हे कागदावर असलं की दोन्ही बाजूंना न्याय मिळतो.

वेळ नसेल तर याच नोंदीचा सांगाडा चार ओळींत बसतो : कोणाशी आणि कधी, कोणते पर्याय त्यांच्या बऱ्या-वाईट बाजूंसह, रुग्णाचं एक वाक्य त्याच्या शब्दांत, काय ठरलं आणि बिघडलं तर काय. काही ठिकाणी याचे रबरी शिक्के बनवतात. मथळ्यांचा शिक्का चालेल. मजकुराचा शिक्का नको, कारण सगळ्या रुग्णांनी एकच वाक्य म्हटलेलं कोणालाही पटत नाही.

पाचवी पायरी : ‘नेत नाही’ म्हटल्यावर

रेफर नाकारलं की केसपेपरवर ‘लामा’ किंवा ‘डामा’ (वैद्यकीय सल्ल्याविरुद्ध गेला) लिहून सही घ्यायची आणि फाइल बंद, ही आपल्याकडची जुनी सवय. ‘स्वतःच्या जबाबदारीवर घरी नेत आहे’ या सहीने डॉक्टरची जबाबदारी संपत नाही. सहीपेक्षा आधी काय झालं ते महत्त्वाचं : नाकारण्याचं कारण विचारलं का, कारण दूर करण्याचा प्रयत्न केला का, आणि जो उपचार इथे शक्य होता तो दिला का?

कारण रुग्णाच्या शब्दांत लिहा. ‘पैसे नाहीत’ असेल तर योजनेची माहिती दिली का, आरोग्यमित्राचा फोन लावून दिला का, हे लिहा. ‘सोबत कोणी नाही’ असेल तर कोणाला फोन केला ते लिहा. नागपूर नको पण चंद्रपूर चालेल, असं निघालं तर तोही मिळून घेतलेला निर्णय आहे. तो रेफर चिठ्ठीवर यायला हवा, म्हणजे चंद्रपूरचा डॉक्टर ‘इथे का आणलं’ म्हणून रुग्णावर चिडणार नाही. तरीही घरीच जायचं असेल तर औषधं द्या, कोणत्या लक्षणांवर परत यायचं ते त्यांना वाचता येईल अशा मराठीत वेगळ्या कागदावर द्या, गावच्या आशाताईंना रुग्णाच्या परवानगीने कळवा, आणि हे सगळं नोंदवा. शेवटी एक वाक्य, तोंडाने आणि कागदावर : ‘केव्हाही परत येता येईल असे सांगितले.’ सही करून गेलेला माणूस पुन्हा यायला लाजतो, आणि उशिरा येतो.

अशा वेळी थकव्यातून काही शब्द पेनातून निघतात : ‘अडाणी’, ‘ऐकत नाहीत’, ‘अन-कोऑपरेटिव्ह’. ते लिहू नका. दिसलं आणि ऐकलं ते लिहा : ‘आवाज चढवून म्हणाले की मागच्या वर्षी भाऊ तिकडेच गेला.’ आता कारण कळलं. आणि ही शिस्त व्यवहाराचीही आहे, कारण वैद्यकीय व्यवसायाच्या २००२ च्या नियमांनुसार रुग्णाने मागणी केल्यावर ७२ तासांत कागदपत्रं द्यायची असतात. आपण लिहिलेलं ते कुटुंब वाचणार आहे.

बारीकसारीक, पण अडणाऱ्या गोष्टी

अंगठा घेतला तर मजकूर कोणी, कोणत्या भाषेत वाचून दाखवला ते शेजारी लिहा, आणि साक्षीदार शक्यतो रुग्णालयाबाहेरचा घ्या. कोऱ्या कागदावर ‘आधी सही, मग भरू’ कधीच नको.

ई-संजीवनीवर (सरकारी दूरसल्ला सेवेवर) किंवा फोनवर तज्ज्ञाचा सल्ला घेतला, किंवा ईसीजी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवून मत घेतलं, तर तज्ज्ञाचं नाव, पद, वेळ आणि सल्ला केसपेपरवर उतरवा. तो सल्ला रुग्णाला कसा सांगितला तेही. फोनमधली चॅट ही नोंद होत नाही, आणि रुग्णाच्या नावासकट फोटो गटात टाकणं तर मुळीच बरोबर नाही. पुण्याला असलेल्या मुलाशी स्पीकरवर बोलणं झालं तर ‘मुलाशी फोनवर, रुग्णाच्या संमतीने’ असं लिहा. मुलगा दूर बसून हो-नाही ठरवू लागला, तरी शुद्धीवर असलेल्या बापाचं म्हणणं त्याच्या वर राहतं.

गर्दीत नोंद राहून गेली तर नंतर लिहा, पण ‘उशिरा केलेली नोंद’ असं वर टाकून, आत्ताची खरी वेळ घालून. चूक झाली तर एका रेषेने खोडा, सही करा, खालचा मजकूर वाचता आला पाहिजे. व्हाइटनर लावलेला किंवा पान बदललेला केसपेपर कोर्टात सगळ्यात कमकुवत ठरतो, मग आतला उपचार कितीही चोख असो. भरती रुग्णांचे कागद २००२ च्या त्याच नियमांप्रमाणे किमान तीन वर्षं जपायचे असतात. एमएलसीचे कागद मात्र प्रकरण निकाली निघेपर्यंत हातचे सोडू नका.

रेफर होताना मूळ नोंद आपल्याकडे राहते आणि सोबत जाते ती चिठ्ठी. म्हणून चिठ्ठीत निदान आणि दिलेल्या औषधांच्या खाली एक ओळ निर्णयाची ठेवा : रुग्णाला काय सांगितलं आहे, त्याने काय निवडलं, त्याला कशाची भीती आहे. १०८ मधल्या डॉक्टरला ती ओळ वाचून दाखवा. पाळी बदलताना सिस्टरांनीही रुग्णाच्या बीपी-नाडीसोबत हेच सांगायचं : ‘तीन नंबरच्या बाबांना सकाळी ईसीजीनंतर ठरवायचं आहे, मुलगी सात वाजता येणार आहे, तिच्यासमोर बोला असं ते म्हणालेत.’